‘भेट दिली, मार्गदर्शन केले’ : एका कृषी सहायकाच्या दैनंदिनीतला करोनाकाळ

कृषी सहायकाला रोजची दैनंदिनी लिहावी लागते. कोणत्या गावी गेलो, कोणाच्या शेतावर गेलो, काय पाहिलं, काय सांगितलं. महिनाअखेरीस ती पर्यवेक्षकाकडे येते, तो सही करतो आणि पुढे पाठवतो. बहुतेक दैनंदिन्यांत एकच वाक्य पानोपानी भेटतं: ‘भेट दिली, मार्गदर्शन केले.’ माझ्याकडे सहा सहायक होते. त्यांतल्या एका मॅडमची दैनंदिनी मात्र मी मुद्दाम सावकाश वाचायचो. जून २०२० मधली त्यांची एक नोंद अशी आहे:

‘सोयाबीन. ओळीत दहा फूट उकरून पाहिले. चार मोड. बाकी दाणा फुगून कुजलेला, वास येतो. पेरणी खोल नाही, ओल पुरेशी. शेतकरी काही बोलले नाहीत, बैलाजवळ जाऊन बसले.’

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरची पानं काढली तर पहिल्या पंधरवड्यात रोज ‘भेट दिली, मार्गदर्शन केले’ आणि दुसऱ्या पंधरवड्यात सलग अकरा दिवस फक्त दोन शब्द आहेत: ‘पंचनामे केले.’

या पानांवर माझी सही आहे. मी ती पानं पाहिली, तारखा मोजल्या, सही केली आणि पुढे पाठवली. जूनमध्ये जी बाई शेतकरी बैलाजवळ जाऊन बसला हे टिपते, तिची ऑक्टोबरची पानं अशी कोरडी का पडली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. नंतर काय झालं, का झालं आणि आम्ही त्यातून काय केलं, ते या प्रकरणात लिहितो आहे. मॅडमना हे सगळं वाचून दाखवलं आहे. नाव, गाव, तालुका येऊ नये एवढीच त्यांची अट आहे. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद या सोयाबीनच्या पट्ट्यातली ही गोष्ट आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

भेट हेच हत्यार

या पदाला आता ‘सहाय्यक कृषी अधिकारी’ म्हणतात, २०२५ मध्ये नाव बदललं. गावात अजूनही कृषी सहायकच म्हणतात, मीही तेच लिहितो. एका सहायकाकडे एक सज्जा, सज्जात चार-सहा-आठ गावं. मॅडमकडे सात होती. बियाणं, खत, कीड, फळबाग, ठिबकची मोका तपासणी, महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवरचे अर्ज, शेतीशाळा, पीक कापणी प्रयोग, नुकसानीचे पंचनामे, सगळं त्या एका माणसाकडे. वाहन स्वतःचं आणि मोबाइलही स्वतःचाच.

ऐंशीच्या दशकात आपल्याकडे जी विस्तार पद्धत आली तिचं नावच ‘प्रशिक्षण आणि भेट’ होतं. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी सहायक येणार म्हणजे येणार. पुढे १९९८ मध्ये एक खिडकी योजना आली, कामं एकत्र झाली, सहायकाच्या डोक्यावरचा भार वाढला. पण कामाचा गाभा भेटच राहिला. ही भेट नेमकी कशी असते ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. आधी पारावर बसायचं. कोणाची सून बाळंत झाली, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या पोराचं पुण्यात जमलं का, हे विचारायचं. चहा घ्यायचा. मग शिवारात जायचं, पान उलटं करून दाखवायचं, अळी बोटावर घ्यायची. फवारणीचं सांगायचं ते सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की सांगितलेलं कोणी ऐकत नाही. चहा नाकारला तर पुढच्या वेळी शेतावर कोणी नेत नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला तेव्हा शेतीची कामं सुरू ठेवायला चार दिवसांतच सवलत मिळाली. शेती थांबली नाही. त्या वर्षी देशाची एकूण अर्थव्यवस्था आक्रसली आणि शेती तेवढी वाढली, हे पुढे सगळ्यांनी कौतुकाने सांगितलं. शेती चालू राहिली म्हणजे शेतावर जाणारा माणूसही चालू राहिला, हे मात्र फारसं कोणी बोललं नाही. आणि तो जात राहिला तरी भेट उरली नव्हती. पार नाही, चहा नाही, पान हातात देणं नाही, तोंडावर मास्क, मध्ये सहा फुटांचं अंतर.

वेशीवरच्या काट्या

एप्रिलमध्ये गावागावांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. मॅडम त्यांच्या सज्जातल्या एका गावी गेल्या. नऊ वर्षं हे गाव त्यांच्याकडे होतं. त्या गावातल्या बचत गटाच्या बायकांच्या लेकींची बारशी त्यांनी खाल्लेली. वेशीवर चार पोरं काठ्या घेऊन उभी, त्यांतला एक त्यांच्याच शेतीशाळेतला.

तो म्हणाला, “मॅडम, राग मानू नका. तुमी सात गावं फिरता. आमच्यात नका येऊ.”

मॅडमनी गाडी वळवली. माझ्याशी त्या हे बोलल्या ते आठ महिन्यांनी. तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, तो चुकीचं काहीच बोलला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.”

या एका वाक्यात या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे असं मला वाटतं. सात गावं फिरते म्हणून ती बाई गावाच्या कामाची होती, आणि सात गावं फिरते म्हणूनच आता ती गावाला नकोशी झाली होती.

एप्रिल-मेचे दिवस तरीही बरे गेले, हेही लिहायला हवं. कलिंगडं, द्राक्षं, भाजीपाला शेतात पडून होता. बाजार समित्या बंद, व्यापारी फिरकेना. ‘आत्मा’ या कृषी विस्ताराच्या यंत्रणेमार्फत शेतकरी गटांचा माल थेट शहरातल्या सोसायट्यांपर्यंत पोचवायचं काम आम्ही केलं. गाड्यांचे पास काढणं, ड्रायव्हरचं प्रमाणपत्र, कोणत्या नाक्यावर गाडी अडली तर फोन. मॅडम रात्री अकरापर्यंत फोनवर असायच्या, पण आवाजात जोर असायचा. दमणूक होती, पण तिचा उपयोग डोळ्यांनी दिसत होता. कलिंगडाची गाडी पोचली की शेतकऱ्याचा फोन यायचा.

घरी त्यांच्या सासूबाई, मधुमेहाच्या. आठ वर्षांची मुलगी. यजमान पुण्याला कंपनीत अडकलेले. रोज संध्याकाळी मागच्या दाराने यायचं, परसातल्या मोरीत आंघोळ करायची, कपडे डेटॉलच्या पाण्यात टाकायचे, मगच घरात. मुलगी खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी असायची. जुलैपर्यंत ती उभी राहायचं बंद झाली. तिला सवय झाली.

दोन पंचनामे, तोच माणूस

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला होता. सोयाबीन भिजलं होतं. ते बियाण्याला गेलं की पुढच्या वर्षी उगवणीचा घोळ होणार, हे खात्याला ठाऊक होतं. म्हणून एप्रिल-मे २०२० मध्ये घरच्या बियाण्याची उगवण चाचणी करून घ्यायची मोहीम काढली. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीने ठेवायचे, गुंडाळायचं, पाणी शिंपडत राहायचं, आठवड्याने मोड मोजायचे. सत्तर आले तर एकरी तीस किलो बियाणं. त्याखाली आले तर प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं. एरवी मॅडम हे देवळाच्या सभामंडपात बायकांना बसवून दाखवायच्या. त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात गोणपाट पसरलं, मुलीने मोबाइल धरला आणि व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. किती जणांनी पाहिला हे मोबाइल दाखवत होता. किती जणांनी केलं हे कळायला मार्ग नव्हता.

जूनमध्ये मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीन उगवलं नसल्याच्या हजारो तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीने शेतावर जाऊन पाहणी करायची, त्यात तालुका कृषी अधिकारी, शास्त्रज्ञ, कंपनीचा प्रतिनिधी. पण समितीच्या आधी गावात जाणार, शिव्या खाणार, पिशवीवरचं लेबल, बिल, सातबारा गोळा करणार, तो सहायक. ज्या गावाने एप्रिलमध्ये काट्या टाकल्या होत्या, त्याच गावातून दिवसाला पंचवीस फोन यायला लागले: “मॅडम, कवा येताव?”

शेतावर पोचलं की दहा-पंधरा माणसं भोवती. मास्क गळ्यात. कोणी ओंजळीत कुजके दाणे घेऊन थेट तोंडासमोर धरणार. अंतर ठेवा म्हणायची सोय नव्हती. ज्याचं बियाणं गेलं त्याला अंतराचं काय सांगायचं? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मॅडमना विचारलं, “तुमच्या त्या व्हिडिओत मोड आले होते की ओ, मग आमच्या रानात का नाही?” त्यांच्याकडे उत्तर होतं. पण त्या घटकेला ते उत्तर ऐकण्यात त्याला रस नव्हता, आणि त्यात त्याचा दोष नव्हता.

ऑगस्टमध्ये प्रतिबंधित क्षेत्राची ड्यूटी आली. आठवड्यातले तीन दिवस बॅरिकेडजवळ रजिस्टर घेऊन बसायचं, उरलेल्या तीन दिवसांत सात गावं. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चं सर्वेक्षण सुरू झालं, त्याच सुमारास मॅडम स्वतः पॉझिटिव्ह आल्या. लक्षणं सौम्य होती. सासूबाई आणि मुलीला दिराकडे पाठवून त्या एका खोलीत राहिल्या. त्या खोलीतून त्यांनी पाच दिवसांत तीन अहवाल भरून पाठवले.

ते मी मागितले होते. फोनवर मी ‘तब्येत कशी आहे’ विचारलं, त्या ‘ठीक आहे सर’ म्हणाल्या, आणि पुढच्याच वाक्यात मी क्षेत्राचा आकडा मागितला. वरून माझ्याकडे मागितला जात होता, हे खरं आहे. पण ‘मॅडम आजारी आहेत, आकडा चार दिवसांनी मिळेल’ हे वाक्य मला वर सांगता आलं असतं. त्याने आभाळ कोसळणार नव्हतं.

मग ऑक्टोबरचा पाऊस आला. मध्यावर तीन दिवस असा कोसळला की काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी वाहून गेल्या, उभ्या शेंगांना झाडावरच मोड फुटले, बांध फुटले, विहिरी बुजल्या. ज्याने जूनमध्ये दुबार पेरणी केली होती त्याचंही गेलं. नेत्यांचे दौरे लागले. प्रत्येक दौऱ्याआधी रात्रीतून आकडे हवेत. २३ ऑक्टोबरला राज्य सरकारने दहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि पंचनामे तातडीने संपवायचे आदेश आले. तलाठी, ग्रामसेवक, सहायक अशा तिघांच्या सहीचा संयुक्त पंचनामा. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत. आता चिखलात उभं राहून हे तेहतीस की तीस हे कोणी ठरवायचं? कागदावर तिघांनी, गावाच्या मते मॅडमनी.

हेच प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चार महिन्यांत त्याच माणसासमोर दुसऱ्यांदा प्रपत्र घेऊन उभं राहायचं. पहिल्या पंचनाम्याची भरपाई त्याला अजून मिळालेली नाही. आपण शेतकऱ्याला काही शिकवतो, काही सुचवतो, त्याचं दोन पोती उत्पन्न वाढतं, हा त्या बाईच्या नोकरीचा अभिमान होता. तो अभिमान काढून घेऊन तिच्या हातात फक्त नुकसान मोजायची पट्टी उरली. मॅडम नंतर मला म्हणाल्या, “सर, लोक मला पाहिलं की खिशातून आधार कार्ड काढायचे. पूर्वी अळी लागलेलं पान काढायचे.”

दिवाळीनंतर

दिवाळी झाली, ऑफिस उघडलं. हरभऱ्याचा पेरणी अहवाल गावनिहाय भरायचा होता. मॅडम समोरच्या खुर्चीवर बसून प्रपत्राकडे पाहत होत्या. दहा मिनिटं झाली, पेन हलेना. मी म्हणालो, “मॅडम, आधी गावांची नावं टाका, आकडे मग पाहू.”

त्या म्हणाल्या, “सर, गावांची नावं आठवत नाहीत.”

मला वाटलं, थकल्या आहेत. मी चहा मागवला. आमच्या ऑफिसातल्या लिपिक बाई उठल्या, त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या, तोंड धुवायला लावलं. परत येऊन हळूच मला म्हणाल्या, “सर, आज त्यांना गाडी चालवू देऊ नका. मला त्यांचं लक्षण बरं दिसत नाही.”

लिपिक बाईंना जे एका नजरेत कळलं ते मला पाच महिने कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दीर त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात घेऊन गेले. तीन महिने धड झोप नव्हती. जेवण सुटलं होतं. पहाटे तीनला उठून त्या मोबाइलवर ग्रुप बघायच्या, कुठला अहवाल राहिला का. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिनाभर रजा सांगितली. वैद्यकीय प्रमाणपत्रावर काय लिहावं यावर घरात रात्रभर चर्चा झाली. सेवापुस्तकाला हे चिकटलं तर पुढे बढतीला आडवं येईल, ही भीती. शेवटी ‘अशक्तपणा’ असं लिहून आलं. मी ते स्वीकारलं, कारण मलाही तेच सोयीचं वाटलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या या अवस्थेची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, तीन लक्षणं सांगितली आहेत: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागणं. पहिलं लक्षण आम्ही सगळे ओळखतो, कारण ते अंगावर दिसतं. दुसरं मात्र दैनंदिनीत आधी दिसतं. भाषा कोरडी पडते, माणसांची नोंद जाते, बैल जातो, वास जातो. पर्यवेक्षकाने हे वाचायला शिकावं, असं मला आता मनापासून वाटतं.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या मनाची काळजी घेण्यासाठी २०१५ मध्ये उस्मानाबाद आणि यवतमाळमध्ये बळीराजा चेतना अभियान सुरू झालं, आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प आला. या कामांत गावपातळीवर शेतकऱ्याची अवस्था ओळखायची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांत आमचे सहायकही होते. खचलेला शेतकरी कसा ओळखावा याचं प्रशिक्षण मॅडमनी स्वतः घेतलं होतं. झोप उडणं, बोलणं कमी होणं, हिशेब टाळणं ही यादी त्यांना पाठ होती. ती यादी कोणी त्यांच्याकडे बघून वाचली नाही.

काय केलं, काय जमलं नाही

पहिला प्रश्न त्यांच्या सात गावांचा होता. ती मी उरलेल्या पाच जणांत वाटली आणि दोन स्वतःकडे घेतली. एक सहायक चिडून म्हणाला, “सर, आमच्या घरी काय सगळं आलबेल आहे का?” त्याचे वडील महिन्यापूर्वीच गेले होते. त्याने रजा मागितली नव्हती आणि मी दिली नव्हती. त्याचं म्हणणं बरोबर होतं. एकीला रजा देऊन प्रश्न सुटत नव्हता, तो फक्त पाचांच्या अंगावर सरकत होता. मग आम्ही सगळे एका सकाळी ऑफिसच्या व्हरांड्यात अंतर ठेवून बसलो आणि एकच गोष्ट तपासली: दिवसभरात कोण काय मागतं?

प्रत्येकाच्या मोबाइलवरचे आठवडाभराचे संदेश काढले. ‘तात्काळ’, ‘अतितात्काळ’, ‘आजच्या आज’, ‘निरंक असल्यास निरंक कळवावे’. त्यांतली बरीचशी माहिती आधीच कुठे ना कुठे दिलेली होती. गावनिहाय पेरणी क्षेत्र वेगवेगळ्या नमुन्यांत चार ठिकाणी मागितलेलं होतं. आकडा तोच, रकाने वेगळे. पीक विम्याचं, पंचनाम्याचं, व्हिडिओ कॉन्फरन्ससाठीचं, कोणाच्या तरी दौऱ्यासाठीचं.

त्या दिवशी मी ठरवलं की वरून येणारी मागणी थेट सहायकांच्या ग्रुपवर टाकायची नाही. ती माझ्याकडे थांबेल. एका वहीत प्रत्येक गावाची मूळ माहिती लिहून ठेवली: खातेदार, पेरणी, नुकसान, बाधित घरं. जे वहीत आहे त्याचं उत्तर मीच देणार. जे नाही ते दिवसातून एकदाच, संध्याकाळी पाचला विचारणार. तालुका कृषी अधिकाऱ्यांना हे सांगायला गेलो तेव्हा पोटात गोळा होता. साहेब म्हणाले, “आकडा वेळेत आला म्हणजे झालं, कसा आणायचा ते तुम्ही बघा.” एवढी मोकळीक पुरे झाली. जिल्ह्यावरून येणारा मारा काही कमी झाला नाही. तो फक्त माझ्यापाशी अडू लागला, आणि माझी झोप त्या काळात कमी झाली हेही खरं आहे. चाळणी धरणाऱ्या हाताचा विचार या व्यवस्थेत अजून कोणी केलेला नाही.

पंचनाम्याला एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, हा दुसरा नियम. वेळ जास्त लागतो, पण जमाव चिडला तर एक जण बोलतो आणि दुसरा लिहितो. बाई सहायक असेल तर अंधार पडायच्या आत परत. हे आधीपासून का नव्हतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तिसरी गोष्ट शनिवारच्या फोनची. प्रत्येकाला एकेकट्याला फोन, पहिली दहा मिनिटं कामाचं बोलायचं नाही. पहिले दोन शनिवार वाया गेले. कसं चाललंय म्हटलं की सगळे ‘ठीक आहे सर’ म्हणायचे. आपल्या नोकरीत वरिष्ठाला दुसरं उत्तर देण्याची पद्धतच नाही. मग मी प्रश्न बदलला. “काल रात्री किती वाजता जेवलात?” याला ठीक आहे असं उत्तर देता येत नाही. एक जण म्हणाला, साडेअकरा. का? पोर्टल रात्रीच चालतं म्हणून. एक जण म्हणाला, जेवलोच नाही. मग पुढचं बोलणं आपोआप झालं.

जे मुळीच जमलं नाही तेही सांगतो. ताणतणाव व्यवस्थापनावर एक ऑनलाइन सत्र झालं. व्याख्याते चांगले होते, श्वासाचे प्रकार शिकवले. पण वेळ संध्याकाळी सहाची, उपस्थिती सक्तीची, आणि नंतर प्रत्येकाने सत्र पाहत असल्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा. एक सहायक रस्त्याच्या कडेला गाडी लावून, रेंज शोधत, लिंबाखाली उभा राहून तो स्क्रीनशॉट काढत होता. त्या दिवशीचा तो त्याचा सातवा अहवाल होता. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये ‘किरण’ ही मोफत हेल्पलाइन सुरू केली होती, तिचा नंबर मी ग्रुपवर टाकला. माझ्या माहितीत कोणी लावला नाही. आता टेली-मानसचा १४४१६ आहे, तो ऑफिसच्या फळ्यावर लिहिलेला आहे. पण नंबर लावायलाही थोडी शक्ती शिल्लक असावी लागते. ती जाण्याआधीच कोणीतरी लक्ष द्यायला हवं.

एप्रिल २०२१

मॅडम जानेवारीत परत आल्या. पहिले दोन महिने तीनच गावं दिली. त्यांना ते अपमानाचं वाटलं, पण मी ऐकलं नाही. फेब्रुवारीपासून पहिल्या फळीतल्या कर्मचाऱ्यांना लस सुरू झाली होती. आमच्या तालुक्यात ज्यांचं नाव कोविड ड्यूटीच्या यादीत होतं त्यांना ती मिळाली. बाकीच्यांपैकी पंचेचाळिशीपुढचे १ एप्रिलपर्यंत थांबले आणि तरुण त्यानंतरही.

दुसरी लाट आली ती सरळ घराघरांत. ऑक्सिजन, बेड, रेमडेसिविर यांसाठी रात्रीबेरात्री फोन. ज्या शेतकऱ्यांचे नंबर खरिपासाठी साठवले होते, त्यांतले काही नंबर लावले की मुलगा उचलायचा आणि गप्प राहायचा. शेजारच्या मंडळातला आमचा एक सहकारी गेला. चाळिशीचा होता. करोनाचं काम करताना मृत्यू आला तर ५० लाखांचं सानुग्रह सहाय्य देण्याचा शासन निर्णय मे २०२० मध्ये झाला होता. त्यात रुग्णालयात दाखल होण्याआधीच्या किंवा मृत्यूआधीच्या चौदा दिवसांत माणूस त्या कर्तव्यावर हजर होता हे दाखवावं लागे. त्याच्या बायकोने कागद मागितले तेव्हा बऱ्याच ड्यूट्यांचे आदेश फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवर दिलेले निघाले, आणि तो फोन त्याच्यासोबत रुग्णालयात गेला होता, तो परत आला नव्हता. त्या दिवसापासून मी तोंडी ड्यूटी कोणाला लावलेली नाही. चिठ्ठीवर का होईना, तारीख, वेळ, काम आणि सही.

या दुसऱ्या लाटेत मॅडम टिकल्या. त्या बऱ्या झाल्या होत्या म्हणून टिकल्या असं मी म्हणणार नाही, गोळ्या सुरूच होत्या. फरक एवढाच होता की पहाटे तीनला ग्रुप बघायची गरज राहिली नव्हती, गावात त्या एकट्या जात नव्हत्या, आणि शनिवारी रात्रीच्या जेवणाची वेळ विचारणारं कोणीतरी होतं. एका शनिवारी त्यांनीच मला विचारलं, “सर, तुम्ही किती वाजता जेवलात?” मला उत्तर द्यायला वेळ लागला.

दैनंदिनी हळूहळू परत भरायला लागली. ‘हरभरा, मर लागली आहे, कडेने सहा ओळी.’ मग ‘तूर, फुलोरा चांगला.’ माणसं यायला मात्र बराच काळ गेला. मार्च २०२२ मधली उन्हाळी सोयाबीनची एक नोंद मी दोनदा वाचली: ‘बियाण्यासाठी ठेवणार. शेंगा भरल्या आहेत. आजी म्हणाल्या, चहा घेऊन जा. ओसरीवर बसले.’

त्यानंतर त्यांची बदली झाली. जाताना कार्यभार देताना एक दप्तर यादी करायची असते: नोंदवह्या किती, मोजपट्टी एक, शिक्का एक, प्रलंबित प्रकरणं अमुक. ती त्यांनी केली. तिला टाचणी लावून त्यांनी आणखी एक पान जोडलं, नव्या सहायकासाठी, सातही गावांचं. कोणत्या गावात आधी कोणाला भेटायचं, कुठे दुपारी जायचं नाही, कोणत्या शिवारात पावसात गाडी रुतते. वेशीवर काट्या टाकलेल्या त्या गावापुढे लिहिलं होतं:

‘इथली पोरं चांगली आहेत, शेतीशाळा इथेच घ्यावी. देवळामागच्या घरात एप्रिल २१ मध्ये दोघे भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. शेती आता थोरल्या वहिनी बघतात. पहिल्या भेटीत विम्याचं काढू नये. त्यांनी यंदा स्वतः उगवण चाचणी केली आहे, ती आधी विचारावी.’